लंगडी टिटवी

लढाई शहराच्या तोंडाशी आली तेव्हा पिकांवर औषध फवारणाऱ्या वैमानिकांनी आपणहून एक तुकडी उभी केली. त्यांना उडायला शिकवणारे मास्तर तिचे प्रमुख झाले. विमानांवर चिन्ह काढायचं काम मास्तरांच्या बहिणीकडे आलं; ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. सगळ्यांना ससाणा हवा होता. तिने काढली टिटवी, तीही एक पंख जमिनीवरून फरफटत नेणारी.

मास्तरांच्या मागच्या सीटवर बंदूक घेऊन बसणारा पैलवान वैतागला. काढायचाच तर धडधाकट पक्षी काढायचा, हा बघून शत्रू मलमपट्टी घेऊन येईल, असं तो म्हणाला. सगळे हसले. मग बहिणीने ब्रश पुसत सांगितलं, की अंड्यांजवळ कोल्हा आला की टिटवी पंख मोडल्याचं सोंग करते आणि त्याला लांब घेऊन जाते. तुमच्या विमानांना ना वेग, ना धड हत्यार. तुम्हाला एवढंच जमणार आहे.

इस्पितळ रिकामं करायचं ठरलं. रुग्णांच्या बस पुलावर असतानाच शत्रूची दोन विमानं नदीवर दिसली. वर घिरट्या घालणाऱ्या मास्तरांनी फवारणीच्या टाकीत भरलेलं जळकं तेल इंजिनाच्या तापलेल्या धुराड्यावर सोडलं. काळ्या धुराचा लोट निघाला. विमान एका अंगाला कलंडवून, झोकांड्या खात ते डोंगराकडे निघाले. पुलाचा नाद सोडून दोन्ही विमानं त्यांच्या मागे लागली.

पहिल्या फैरीत शेपटीचा पत्रा फाटला. दुसरीत पैलवानाचा खांदा फुटला आणि मास्तरांच्या मानेवर गरम रक्ताचा सपकारा बसला. त्यांनी विमान वळवायला घेतलं.

"वळू नका मास्तर," पैलवान म्हणाला. "बस अजून पुलावरच आहेत."

मास्तर सरळ जात राहिले. इंजिनाने पेट घेतला तेव्हा त्यांनी विमान पडीक शेतात आदळवलं. सीटचे जळते पट्टे हातांनी तोडून त्यांनी पैलवानाला बाहेर ओढलं. दोघं ढेकळांतून सरपटत असताना एक विमान खाली येऊन गोळ्या झाडत गेलं. पैलवानाची पाठ कंबरेपासून मानेपर्यंत उसवली. मास्तरांनी त्याला तरीही बांधापर्यंत ओढत नेलं.

बस सगळ्या पार झाल्या.

पैलवानाची बायको दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या खाटेशी आली. बहीण उशाशी बसली होती.

"सोंगच होतं ना भाऊजी? मग माझा माणूस खरा कसा मेला?"

"लंगडणं तेवढं खोटं होतं, वहिनी," मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्या थोबाडीत मारली. बहीण उठली, पण मास्तरांनी मानेनेच तिला खाली बसवलं. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं होतं आणि पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. दोन्ही भाजलेले, कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेले. पैलवानाच्या बायकोने ते पाहिलं. मग तिने पदराने त्यांची हनुवटी पुसली, पाण्याचा पेला उचलला आणि त्यांच्या तोंडाला लावला.