माझी कडी आतून लागते

मित्रांनो, मी सागवानाचा एक जुना दरवाजा आहे. किती जुना, ते विचारू नका. ज्याने मला घडवलं त्या सुताराचे नातूसुद्धा आता म्हातारे झाले असतील.

मैलापुरात शेषगिरीरावांच्या घरी मी कोठीच्या खोलीला होतो. आत तांदूळ, गूळ, लोणच्याच्या बरण्या. पोरांचे हात आत जाऊ नयेत म्हणून मला पितळी कडी बसवली होती ती बाहेरून. पोंगलला अंबुजाबाई मला हळदकुंकू लावायच्या. फार लाड झाले माझे. पुढे घर पाडलं आणि मी जुन्या लाकडाच्या वखारीत भिंतीला टेकून दोन वर्षं धूळ खात पडलो. चुकूनही कुणी हात लावला नाही.

मग अवनी आली. मूळची पुण्याची, इथे घरांचे आराखडे करते. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांसाठी ती निवारा बांधत होती. पोरीने बारीकसारीक विचार केला होता. रस्त्यावर पाटी नको, खिडक्या अंगणाकडे, प्रत्येकीला स्वयंपाकघरात आपलं कपाट. मला तिने तिथल्या एका खोलीला बसवलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि जुनेपण जपायचं म्हणून कडीही होती तिथेच ठेवली. मीही ऐटीत उभा राहिलो. आम्हा दोघांनाही अक्कल नव्हती.

एका दुपारी कीर्तना आली, तंजावरकडची मराठी. सोबत सात वर्षांची लेक जननी. कीर्तनाने माझ्या कडीला हात लावला आणि चटका बसावा तशी मागे सरली.

"हिंगडे नको, अक्का. मी घरी परत जाते." हिंगडे म्हणजे इकडे, तिच्या बोलीत.

"अहो, का? काय झालं?" अवनी घाबरली.

"तिथेही कडी भायेरून होती. ते ओरगडमला कारखान्यात कामावर जाताना लावून जायचे. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी आत."

अवनीचा चेहरा पडला. "चूक माझी," एवढंच म्हणाली आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. पण जुने स्क्रू हलेनात. कीर्तना खांद्यावर पिशवी तशीच ठेवून बघत होती. शेवटी तिने पिशवी खाली ठेवली.

"द्या इकडे."

तिने जोर लावून एकेक स्क्रू काढला आणि कडी स्वतःच्या हाताने आतून बसवली. मग मायलेकी आत गेल्या. जननीने कडी लावली, काढली, पुन्हा लावली. दहा वेळा तरी. इतकं प्रेम मला पोंगललाही मिळालं नव्हतं.

अवनीची मोजपट्टी आत राहिली होती. घर तिनेच बांधलेलं, तरी तिने माझ्यावर हलकेच टकटक केली.

"कोण?"

"मी, अवनी. येऊ का आत?"

मग कीर्तना म्हणाली, "आत्ता नको, अक्का."

अवनीचे डोळे भरून आले. "बरं," म्हणाली, आणि हसत हसत निघून गेली.

मित्रांनो, मला तेलपाणी केलंत तर आनंदच आहे. पण कुणाच्याही दारावर टकटक केलीत, तर उत्तर येईपर्यंत थांबा. आणि आतून 'आत्ता नको' आलं, तर तेही उत्तरच आहे.