डाव्या हाताला काय आहे?

कुलूप उघडायला बोलावलं की चावीवाला लगेच अवजारं बाहेर काढत नाही. आधी विचारतो, "आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे?" गिऱ्हाईक वैतागतं. किल्ली आत राहिलेली, गॅसवर दूध ठेवलेलं, आणि या गृहस्थाला प्रश्नोत्तरं सुचतायत! पण शिस्त म्हणजे शिस्त. गिऱ्हाइकाने सांगायचं, डावीकडे चपलांचं कपाट आहे, नाहीतर सायकल आहे. मग दार उघडायचं आणि सांगितलेलं तिथे दिसलं तरच बाजूला व्हायचं. नाही दिसलं तर दार परत ओढून घ्यायचं. ज्याचं घर असतं त्याला ते डोळे मिटूनही दिसतं, असं चावीवाल्याचे वडील म्हणत.

ही शिस्त वडिलांचीच, दुकानही त्यांचंच. हात कापायला लागले तसं त्यांनी सगळं मुलाच्या हवाली केलं आणि मागच्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायला ते मोकळे झाले. दुकानापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. तिथे बाबा, चावीवाला आणि त्याची बायको अशी तीनच माणसं. आई जाऊन काही वर्षं झाली होती.

घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं खूळ मेहुणीचं. तिने आपली वरची खोली दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती आणि तेव्हापासून बाई उंटावरून शेळ्या हाकायला लागल्या होत्या. एका संध्याकाळी चहा पिता पिता तिने चावीवाल्याला धडे दिले.

"भाऊजी, आधी नीट विचार करायचा. शेजाऱ्यांच्या कानावर घाला, नाहीतर पहिल्याच दिवशी जिन्यात भांडण. महत्त्वाचं सगळं एका कपाटात कोंबून कुलूप लावा, ते काय मी तुम्हाला सांगायला नको. आणि मुख्य म्हणजे घरातले फोटो काढा. पाहुण्याला वाटलं पाहिजे की घर आपलंच आहे. दुसऱ्याची मेलेली माणसं भिंतीवरून टकमक बघतायत म्हटल्यावर झोप लागेल का कुणाला? जाताना ते मोबाईलवर तारे देतात. पाच मिळाले तर पुढचे पाहुणे येतात. तीन मिळाले की बसा माश्या मारत."

"आणि घरातली माणसं?" बायकोने विचारलं.

"ती तर अजिबात दिसायला नकोत. त्यातून म्हातारी माणसं... खोकतात, चौकशा करतात."

बाबा तिथेच बसून बशीतला चहा फुंकत होते. म्हणाले, "मी अजून मेलो नाही, तेव्हा भिंतीवर काही नसेन. मला कुठल्या कपाटात कोंबणार तेवढं सांगा."

सगळे पोट धरून हसले. चावीवाला सगळ्यात जास्त हसला. पुढे त्याला ते हसू आठवलं की कानशिलं तापायची.

तर विचार झाला. पांढरे टॉवेल आले, नवी किटली आली, गाद्यांच्या खोळी बदलल्या. दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताला एक लाकडी बाक होता. बाबांनी तो लग्नानंतर लगेच स्वतः बनवला होता, त्यावर बसून आई चपला घालायची. बाकाच्या वर आईचा फोटो. ऐन वेळी पापणी मिटल्यामुळे त्यात तिचा एक डोळा अर्धा बंद होता आणि त्यामुळे ती कायम कुणाची तरी थट्टा करत असल्यासारखी दिसायची. बाक डुगडुगतो म्हणून काढला, फोटो तर काढायचाच होता. तिथे मेहुणीच्या सल्ल्याने लांबडा आरसा आणि प्लास्टिकचं झाड आलं.

"तिला कुठे ठेवलंयस?" बाबांनी विचारलं.

"नीट ठेवलंय हो," चावीवाला म्हणाला. नीट म्हणजे दुकानामागच्या खोलीत, जुन्या चादरीत गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून. पाहुणे असेपर्यंत घरच्यांनीही त्याच खोलीत राहायचं ठरलं होतं. बाबांसाठी तिथे घडीची खाट टाकली. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त म्हणाले, "अरे, स्वयंपाकघरातल्या नळाचं पाहुण्यांना सांगितलंस का? डावीकडे फिरवून जरा वर उचलावा लागतो. नाहीतर अंगावर उडतो."

"हो हो, सांगतो," चावीवाला म्हणाला, आणि विसरला.

आणखी एक गोष्ट तो विसरला. घर दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बजावायचा, "आधी बघा, किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत." स्वतःच्या घराच्या किल्ल्या त्याने गोळा केल्या. बायकोची घेतली, शेजारणीकडची घेतली. बाबांच्या खिशातली राहिली. बाबांकडे किल्ली असायची हे त्याला इतकं अंगवळणी पडलं होतं, की ती किल्ली म्हणून त्याच्या लक्षातच आली नाही.

पहिले पाहुणे म्हणजे एक तरुण जोडपं. हसतमुख, सामान बेताचं. दुसऱ्या दिवशी दुपारी चावीवाला दुकानात किल्ली घासत असताना पाहुण्याचा फोन आला.

"लगेच या! घरात एक माणूस शिरलाय. हातात पाना आहे. म्हणतो, घर माझं आहे!"

चावीवाल्याने मागे वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

तो धावत सुटला. दुकान ते घर एवढ्याशा वाटेत त्याच्या मनात काय यावं? बाबा घाबरले असतील, हे नाही आलं. तारे गेले, हे आलं. जनाची नाही, निदान मनाची तरी लाज माणसाला असावी. पण त्या घडीला त्याला दोन्ही नव्हत्या.

दार सताड उघडं होतं. पाहुणी ओले केस टॉवेलात गुंडाळून खोलीच्या दाराआड उभी. पाहुणा मधोमध, हातात फोन. आणि बाबा त्या प्लास्टिकच्या झाडाशेजारी, पाना छातीशी धरून. बराच वेळ दार वाजवलं, पण पाहुणी अंघोळीला आणि पाहुणा झोपलेला; कुणी ओ दिली नाही, म्हणून पाहुणे बाहेर गेले असावेत असं समजून ते किल्लीने आत आले होते. नळ दुरुस्त करायला! घरी पाहुणे आलेत आणि त्यांच्या अंगावर पाणी उडतंय, हे त्यांना सहन होईना.

"मी यांना म्हटलं, घर तुमचं आहे कशावरून?" पाहुणा म्हणाला. बिचारा घाबरला होता, पण अदबीने बोलत होता. "तर म्हणतात, दारातून आल्यावर डाव्या हाताला बाक असतो आणि वर माझ्या बायकोचा फोटो असतो. इथे तर तसं काहीच नाही. कोण आहेत हे?"

बाबांनी मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत काकुळती नव्हती, राग नव्हता. आता आलाच आहेस तर सांग बाबा यांना, एवढंच होतं. एका वाक्याचं काम होतं.

"हे... आमच्या दुकानातले जुने कारागीर," चावीवाला म्हणाला. जीभ एकदा घसरली की थांबते थोडीच? "वय झालंय. कधी कधी डोक्यात गोंधळ होतो. कुणाच्याही घराला आपलं म्हणतात. माफ करा हं, पुन्हा असं होणार नाही."

आरशात चावीवाल्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, म्हणून त्याने मान खाली घातली.

मग बाबाच म्हणाले, "बरोबर आहे. चुकलं माझं." पाहुणीकडे वळून त्यांनी हात जोडले. "घाबरवलं पोरी तुला. तेवढा नळ डावीकडे फिरवून वर उचलत जा." आणि पाना खिशात घालून ते पायऱ्या उतरले.

दुकानात परतल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढून फळीवर ठेवली. "ही माझ्याकडे राहिली होती," म्हणाले, आणि स्टुलावर जाऊन बसले. चावीवाल्याने तोंड उघडलं, पण नेमक्या त्याच वेळी एक गिऱ्हाईक आलं, आणि खरं सांगायचं तर ते आलं म्हणून त्याला सुटल्यासारखं झालं. तो दिवसभर मूग गिळून बसला. बायकोला त्याने संध्याकाळी सांगितलं. चादर सोडवून तिने फोटो बाहेर काढला, पदराने पुसला आणि बाबांच्या उशाशी ठेवला. "भिंतीवरून काढला तर मीच होता," एवढंच म्हणाली.

पाहुणे गेले त्या दिवशी किल्ली घ्यायला चावीवाला एकटाच गेला. वाटेत त्याने मनाशी घोकलं होतं: ते माझे वडील होते, मी खोटं बोललो. पण दारात पाहुणी इतकी मोकळी हसली, की घोकलेलं बोलायचं राहूनच गेलं.

"छान झालं राहणं," ती म्हणाली. "नळसुद्धा मग उडाला नाही. आजोबांना सांगा."

"सांगतो. म्हणजे... ते आमचे कारागीर..."

"तुमचे वडील ना?" ती म्हणाली. टोमणा नव्हता, तिला वाईट वाटत होतं. "तुम्ही दारात आलात तेव्हाच कळलं. नाक अगदी तेच आहे. तुम्ही सांगाल म्हणून आम्ही वाट बघत होतो. मग म्हटलं, असेल काही घरातलं, आपण कशाला बोला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चावीवाल्याला झालं. ज्यांच्यापुढे इभ्रत राखायला त्याने बापाला नाकारलं, त्यांना सगळं पहिल्याच क्षणी दिसलं होतं. आणि संध्याकाळी पाहुण्यांनी पाचच्या पाच तारे दिले. मेहुणीचा अभिनंदनाचा फोन आला, तो त्याने उचलला नाही.

आरसा काढला. झाड बाहेर टाकलं. बाक जागेवर आणून त्याने डुगडुगणाऱ्या पायाखाली पाचर मारली, बायकोने बाबांच्या उशाचा फोटो आणला आणि दोघांनी मिळून तो त्याच खिळ्याला लावला. मग चावीवाला बाबांना आणायला गेला.

"चला बाबा, घरी."

बाबा निमूट उठले. वाटेत चावीवाला दोनदा "बाबा, मी त्या दिवशी" इथपर्यंत आला आणि तिथेच थांबला. बाबांनी पुढचं विचारलं नाही. दार लावलेलं होतं. रोज बाबा पुढे होऊन दार उघडायचे. आज ते पायरीखालीच, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभे राहिले.

चावीवाल्याने कुलपात किल्ली घातली.

"थांब," बाबा म्हणाले. "आधी विचार."

"काय विचारू?"

"सगळ्यांना विचारतोस तेच."

"बाबा, नका ना..."

"शिस्त आहे. विचार."

दाराकडे तोंड करूनच तो कसाबसा म्हणाला, "आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे?"

बाबांनी बंद दाराकडे पाहिलं. थोडा वेळ खरंच आठवून पाहिल्यासारखं केलं. मग म्हणाले, "मला काय ठाऊक? तू काय ठेवलंयस त्यावर आहे."

"बाक आहे," चावीवाला म्हणाला. डोळ्यांतलं पाणी आता हातातल्या किल्लीवर पडत होतं. "तुमचा बाक आहे. वर आईचा फोटो आहे."

त्याने दार ढकललं. डावीकडे बाक होता. वर आई एक डोळा अर्धा मिटून बघत होती.

"बरोबर," बाबा म्हणाले. "म्हणजे घर तुझं आहे."

आणि मुलगा "या" म्हणेपर्यंत ते बाहेरच थांबले.