अवेलिनोचं सरळ उत्तर

पेनेडो गावात प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नाही. प्रश्नाला प्रश्न द्यायचा, आणि तोही जरा वजनदार, म्हणजे समोरचा तो उचलेपर्यंत आपण आपल्या घरी पोचलेले असतो. स्पेनच्या सगळ्या गॅलिशिया प्रांतात हे थोडंफार चालतंच, पण पेनेडोने त्यात हयात घातली. एकदा आगीचा बंब घंटा वाजवत गावात आला. "आग कुठे लागलीय?" बंबवाल्याने विचारलं. बाकावरच्या सात म्हाताऱ्यांनी एका सुरात विचारलं, "आग लागली असं तुम्हाला कोण म्हणालं?" गवताची गंजी राख झाली, बंब आल्या वाटेने गेला, पण आग लागली होती हे गावाने आजतागायत कबूल केलेलं नाही. आधीचे पाद्री तर सांगायचे की इथला मरणारा माणूससुद्धा सरळ बोलत नाही. "पापांचा पश्चात्ताप होतोय ना बाबा?" असं विचारलं की तो एक डोळा उघडून म्हणतो, "का, तुमच्या कानावर काही आलं का?"

तर अशा गावात डोसिंडाचा नवरा अवेलिनो विसरायला लागला, आणि दोन वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

"अवेलिनो, आज वार कोणता रे?"

"तुला कोणता हवाय?"

"ऐंशी उलटली की नाही तुझी?"

"दिसतात का तेवढी?"

लोक हसत पुढे जायचे. म्हणायचे, म्हातारा अजून खमक्या आहे. डोसिंडाला तेवढं ठाऊक होतं की या प्रश्नांच्या मागचं कपाट रिकामं झालंय. त्याला सदरा तीच चढवायची, बुटांच्या नाड्या तीच बांधायची, घास अर्ध्यावर राहिला की "चाव" म्हणून आठवण तीच करायची. ते सगळं ती सोसत होती. सोसवत नव्हती ती दुपार. साडेतीन वाजले की अवेलिनो टोपी शोधायला लागायचा, आणि चारच्या आत घराबाहेर पडून वरच्या तिठ्यावर, दगडी क्रुसापाशी जाऊन उभा राहायचा. कशाला, ते विचारलं की म्हणायचा, "रस्ता तुमच्या बापाचा आहे का?" तिचं खुब्याचं हाड झिजलेलं. ती काठी टेकत मागोमाग जायची. जानेवारीत एकदा तिला उशीर झाला, तर तो तिठ्यावरून पुढे गेला आणि ओढ्यात, कमरेएवढ्या पाण्यात, उभा सापडला.

तेव्हा विगो शहरातून मुलीचा फोन आला. मुलगी सबेला, आईपेक्षा दोन बोटं जास्त हट्टी. "आई, बाबांच्या मदतीसाठी सरकारी अर्ज केलाय. माणूस किती परावलंबी आहे ते तपासून पायरी ठरवतात. दुसरी पायरी मिळाली तर रोज चार तास मदतनीस येईल, आणि दुपारी गाडी येऊन बाबांना वृद्धांच्या केंद्रात घेऊन जाईल. नाही मिळाली तर मी बाबांना इथल्या वृद्धाश्रमात ठेवणार. रडून उपयोग नाही."

"मी कुठे रडतेय?" डोसिंडा म्हणाली आणि फोन ठेवून रडली.

अवेलिनो चौदा वर्षं स्वित्झर्लंडात बोगदे खणत होता. त्या चौदा वर्षांत ती इथे एकटीने गाई पाळत, चीज करत, नाताळची वाट बघत राहिली होती. तिच्या हिशेबाने तिच्या वाट्याचं वाट बघणं संपलं होतं. आता म्हातारपणी त्याला पुन्हा परमुलखात पाठवायचं, आणि तेही विगोला?

पायरी ठरवायला बाई येणार हे कळल्यावर शेजारची बाल्बिना धावत आली. तिच्या नवऱ्याला गेल्या वर्षी काहीच मिळालं नव्हतं. तपासायला आलेल्या माणसासमोर त्याने हौसेने अर्धी गाडी लाकडं फोडून दाखवली होती.

"माझं ऐक," बाल्बिना म्हणाली. "तीन दिवस दाढी करू नकोस. सदरा उलटा घाल. सपाता उलट्या पायांत. आणि जमलं तर सूप सांडलेलं असू दे छातीवर."

"बाई पाहुणी म्हणून यायची, आणि मी नवरा घाण दाखवू?"

"पाहुणी नाही गं, सरकार आहे ते!"

"मग सरकारला घाण दाखवू?"

बाल्बिनाने कपाळाला हात लावला. आणि डोसिंडाने जे पेनेडोतल्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच केलं. तिने पहाटे उठून अंगण झाडलं, अवेलिनोची दाढी केली, लग्नाकार्याचा पांढरा सदरा इस्त्री करून घातला, कानामागे कोलनचे दोन थेंब लावले आणि दूध-अंड्याचे, धिरड्यासारखे पातळ, चाळीस फिलोआ घातले. येणारी बाई एक होती, पण चाळिसाच्या खाली फिलोआ घालणं म्हणजे दार लावून घेण्यासारखंच.

बाई तीनला आली. नाव उशिया, वय तिशीचं, डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली. तिथेच घोळ झाला. माद्रिदची कोणी असती तर दहा मिनिटांत अवेलिनोच्या नावापुढे शून्यं मांडून गेली असती. ही पडली याच मातीतली.

"आजोबा, आज तारीख कोणती?"

"तुमच्या कचेरीत कॅलेंडर देत नाहीत का?"

उशिया हसली. कागदावर काहीतरी टिपलं. "आणि हे गाव कोणतं?"

"नाव माहीत नसताना आलात कशा?"

"बरं, वय किती तुमचं?"

"काय बाई, स्थळ आणलंय का?"

उशिया खळखळून हसली. "अगदी माझे आजोबा! आजी, तुम्हाला सांगते, माझ्या आजोबांनी नव्वद वर्षांत एकदाही कोणाला सरळ उत्तर दिलं नाही. आजीने लग्नाचं विचारलं तेव्हा म्हणाले, का, पाऊस येतोय का?"

डोसिंडाही हसली. हसता हसता तिला दिसत होतं की कागदावरची एकेक खूण आपल्या विरुद्ध पडतेय. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिचं अर्धं मन कागदावर नव्हतंच. पांढरा सदरा, चकचकीत गाल, डोळ्यांत तो जुना खट्याळपणा. पाहुण्यांसमोर अवेलिनो असाच फुलायचा. किती दिवसांनी तो दिसत होता. अजून एक तास असाच राहा रे, ती मनात म्हणाली, आणि लगेच स्वतःवरच चिडली.

मग प्रश्न तिच्याकडे वळले.

"कपडे स्वतः घालतात ते?"

"नाहीतर काय, नागडे बसलेत का?"

"जेवतात आपल्या हाताने?"

"मग काय माझ्या हाताने जेवतील?"

"रात्री त्रास देतात का?"

"पुरुष कुठला देत नाही?"

बोलून गेली आणि तिला घाम फुटला. ही उत्तरं तिने दिली नव्हती, ती जिभेवरून आपोआप घरंगळली होती. तिच्या आईच्या, आजीच्या तोंडची. घरातली गोष्ट उंबऱ्याच्या आत ठेवायची, एवढंच ती जन्मभर शिकली होती. बोललेलं दुरुस्त करायच्या ऐवजी तिने उशियाच्या ताटात अकरावा फिलोआ वाढला.

"आजी, मला वाटतं आजोबा तसे बरे आहेत," उशिया नरमाईने म्हणाली. "पहिली पायरीसुद्धा कठीण वाटते."

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले आणि अवेलिनो उठला. टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली.

"कुठे निघालात आजोबा?" उशियाने कागद आवरता आवरता सहज विचारलं.

"डोसिंडाला आणायला," अवेलिनो म्हणाला. "चारच्या बसने येते ती. जत्रेला गेलीय चीज विकायला."

उशियाचा हात कागदावर तसाच राहिला. ती याच मातीतली होती म्हणूनच तिला ते लखकन कळलं. ऐंशी वर्षांचा पेनेडोचा माणूस, परक्या बाईने विचारलं, आणि त्याने सरळ उत्तर दिलं. माद्रिदच्या बाईला यात काही वावगं दिसलं नसतं. तिठ्यावर थांबणारी चारची बस अकरा वर्षांपूर्वी बंद झाली होती, पण त्याहून भयंकर ते सरळ उत्तर होतं.

"कशी दिसते हो तुमची डोसिंडा?" तिने हलकेच विचारलं.

"लांबूनच कळते. टोपली डोक्यावर आणि दोन्ही हात मोकळे सोडून चालते. येता येता अख्ख्या गावाला टोमणे मारते. चीज उरलं तर चिडलेली असते, संपलं तर जास्तच चिडलेली असते, म्हणते स्वस्तात गेलं. मी टोपली घ्यायला जातो, ती देत नाही. मी घेतोच." त्याने दाराकडे पाहिलं. "आज उशीर झाला तिला. काल पण झाला होता."

"आणि या कोण आजोबा?" उशियाने डोसिंडाकडे हात केला.

अवेलिनोने टोपीला हात लावला. "भल्या बाई आहेत. डोसिंडा नाही ना घरी, म्हणून माझं बघतात. फार कष्ट घेतात." मग उशियाच्या कानाशी झुकून, पण भिंतीपलीकडच्या बाल्बिनालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मीठ फार कमी घालतात. पण सांगायचं कसं? लोकाच्या घरी राबतात बिचाऱ्या. त्यांचीही कोणीतरी वाट बघत असेल की."

डोसिंडा खुर्चीची पाठ धरून उभी होती. गेली दोन वर्षं तो तिला "अहो बाई" म्हणत होता. तिला वाटायचं, थट्टा करतोय, किंवा नाव जिभेवर येत नाही बिचाऱ्याच्या. आणि तिने दोन वर्षं ते नाव त्याच्या तोंडून ऐकायला जीव टाकला होता. आज ऐकलं, एकदा नाही, दोनदा. इतक्या मायेने त्याने ते तिच्या तोंडावर कधी घेतलं नव्हतं. आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

"आजोबा, दोन मिनिटं बसा. बस अजून घाटात असेल," उशिया म्हणाली. तो बसला, टोपी तशीच ठेवून. तिने कागद पुन्हा उलगडले. "आजी, आता परत विचारते. कपडे स्वतः घालतात?"

डोसिंडाच्या तोंडाशी पेनेडोची सातशे वर्षं येऊन उभी राहिली. तिने ती गिळली. "नाही," ती म्हणाली. "मी घालते."

"जेवण?"

"मी भरवते. चावायचं विसरतो."

"आंघोळ?"

"मी. गेल्या महिन्यात दोघं पडलो." एकेक उत्तर तिने काटा काढावा तसं काढून टेबलावर ठेवलं. नवरा समोरच हातात फिलोआ धरून बसला होता, आणि ती त्याचा संसार परक्या पोरीपुढे उघडा करत होती.

शेवटी उशिया एका ओळीवर अडली. "घरच्या माणसांना ओळखतात का? इथे तीनच चौकोन आहेत. नेहमी, कधीकधी, कधीच नाही." तिने पेन खाली ठेवलं. "मी स्पष्ट सांगते आजी. 'कधीच नाही'वर खूण केली तर बाकीच्यासकट दुसरी पायरी बसते. 'कधीकधी' केली तर बहुधा पहिलीवर राहील. मी विचारलं तेव्हा त्यांनी ओळखलं नाही. पण एरवीचं तुम्हालाच माहीत. तुमची सही लागेल."

डोसिंडाने नवऱ्याकडे पाहिलं. पहाटे दाढी करताना साबणाच्या फेसातून त्याने तिच्या डोळ्यांत रोखून बघितलं होतं, अगदी क्षणभर, आणि तिच्या मनगटावर हात ठेवला होता. ते ओळखणं होतं की पाणी गार लागलं म्हणून? असे क्षण तिने दोन वर्षं दाण्यासारखे वेचून ठेवले होते. मूठभर होते. 'कधीकधी' या चौकोनात ते सगळे मावले असते. 'कधीच नाही' म्हटलं तर सगळे फेकून द्यायचे. आणि 'कधीकधी' म्हटलं तर विगो.

"'कधीच नाही' लिही, पोरी," ती म्हणाली आणि सही केली. अक्षरं वाकडी आली. मग पेन परत देताना जरा पुढे झुकून म्हणाली, "आणि एखाद्या दिवशी ओळखलंच त्याने, तर ते सरकारला कशाला कळायला हवं?"

उशियाने मान खाली घालून खूण केली. (पत्र पुढे जूनमध्ये आलं, दुसरी पायरी लिहून. बाल्बिना हेव्यापोटी महिनाभर बोलली नाही. पण ते जूनचं. आपण अजून त्या दुपारीच आहोत.)

अवेलिनो तोवर दारात पोचला होता. डोसिंडाने काठी घेतली आणि मागोमाग निघाली. चढणीला ती त्याच्या बरोबरीला आली तेव्हा तो संकोचून थांबला.

"अहो बाई, राग मानू नका, पण जरा मागून या. बाकावर लोक बसलेत. डोसिंडाच्या कानावर गेलं तर उंबऱ्यात घ्यायची नाही मला."

"एवढी कडक आहे का ती?"

"कडक?" तो वर तिठ्याकडे बघत राहिला. "ती नसली ना, की घरात चूल पेटलेली असते तरी गार वाटतं."

डोसिंडा तीन पावलं मागे राहिली. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, कुठे निघाली जोडी, आणि तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तो तिठ्यावर क्रुसाच्या उजव्या अंगाला उभा राहिला, ती डाव्या. त्या टोपलीवालीचा तिला हेवा वाटत होता, नुसता जीव जळत होता. तरीही घाटाच्या वळणावर नजर लावून ती उभी होती, आणि चार वाजून गेले तेव्हा तिलाही मनापासून वाटलं की आज तरी ती बस यावी.