किती लिहू?

सासूबाईंच्या दुकानात एक नियम होता: टेपवरचा आकडा कधीही मोठ्यानं वाचायचा नाही. टेप कमरेभोवती फिरवायची, दोन बोटं आत घालायची, मान तिरकी करून बघायचं, आणि मग चहात साखर किती घालू असं विचारावं इतक्या सहज विचारायचं, "किती लिहू?" समोरची बाई आरशात बघे, पोट आत घेई आणि म्हणे, "तीस लिहा." सासूबाई मागे न वळता म्हणत, "लिही गं, तीस."

लिहिणारी ती, त्यांची सून. लग्न होऊन दोन महिने झाले होते. नवरा कामावर गेल्यावर वरच्या घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा खाली दुकानात बसलेलं बरं, म्हणून ती येऊ लागली. अक्षर चांगलं, बोलणं कमी; मापांची वही आपोआप तिच्याकडे आली.

"आमच्या आईच्या टेपला खोटं बोलता येत नाही," नवरा म्हणाला होता, "म्हणून ती वहीला बोलायला लावते."

सुरुवातीला तिलाही यात गंमतच वाटली. गिऱ्हाइकाला खूश ठेवायची एखादी युक्ती प्रत्येक धंद्यात असतेच. वहीत तीस लिहायचं, कापायचं चौतीसचं. बाई खूश, शिलाई शाबूत. पण एका दुपारी ती कापणीच्या टेबलाशी उभी असताना सासूबाईंनी वही उघडून समोर ठेवली, आणि कापडावर खडूनं खूण केली ती तिसाचीच. शिलाईसाठी माया सोडली तीही नेहमीइतकीच, बोटभर. आता ट्रायलला बटणं लागायची नाहीत आणि दुकानात रडारड होणार, असं धरून ती चार दिवस धास्तावून राहिली. ती बाई आली, ड्रेस चढवला, बटणं लागली. एक सुरकुती नाही.

मग तिनं कुणाला न सांगता टेप एका शाळकरी पट्टीला लावून पाहिली. बरोबर होती. इस्त्रीच्या टेबलावर पसरलेला दुसरा एक ड्रेस मोजला. वहीत होता तेवढाच भरला. मग मधले इंच जात होते कुठे? घरात काही हरवलं की आधी नव्या सुनेकडे बघतात. इथे नवी सूनच सगळ्यांकडे बघू लागली.

"आई, एवढं कमी कापलेलं अंगात जातं कसं?" एकदा तिनं विचारलंच.

"कापड थोडंच बदलतं?" सासूबाई दातांत टाचण्या धरून म्हणाल्या. "बाई बदलते. आपण आपलं शिवायचं." टाचण्यांमुळे त्या हसत होत्या की नाही ते कळलं नाही.

शाळेतल्या भूगोलाच्या बाई त्या काळात तिसऱ्यांदा आल्या. पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा त्यांचा आवाज ऐकून समोरचा चष्मेवाला काय भांडण लागलं म्हणून बाहेर येऊन बघून गेला होता. तेव्हा वहीत बत्तीस लिहिलं होतं, दुसऱ्यांदा एकोणतीस. आता बाई काहीतरी म्हणाल्या ते मशीनच्या घरघरीत विरून गेलं, आणि तिला मशीन थांबवून विचारावं लागलं.

"म्हटलं, मुलं हल्ली लक्षच देत नाहीत," बाई म्हणाल्या. "काल मी फळ्यापाशी उभी, हातात हा एवढा नकाशा, आणि एक मुलगी ऑफिसात जाऊन सांगून आली, आमच्या तासाला कुणी आलेलं नाही. काय म्हणावं?" आणि त्या खुशीत हसल्या. "जाऊ दे. कंबर बघितलीत का?"

"किती लिहू?" सासूबाईंनी विचारलं.

"सव्वीस."

तिची पेन्सिल थांबली.

"लिही गं."

सव्वीसचा तो निळा ड्रेस आठवडाभर हँगरवर होता. मग नव्हता. तो कुणी नेला, कधी नेला, हे तिला काही केल्या आठवेना; आणि ती तर दिवसभर दाराकडे तोंड करून बसलेली असे. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नेला असेल की." आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.

तिची स्वतःची गोष्ट खांद्यांची होती. सतरा इंच. "पोरगी गुणाची आहे, पण खांदे हमालाचे," असं आत्या तिच्यादेखत पाहुण्यांना सांगे, त्यामुळे शाळेच्या प्रत्येक फोटोत ती मागच्या रांगेत तिरकी उभी होती, आणि लग्नाच्या फोटोत अर्धी नवऱ्याच्या मागे. पण लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कपाट हलवायचं निघालं, आणि तिनं न बोलता एक बाजू उचलली. नवऱ्यानं ती बातमी मित्रांना, शेजाऱ्यांना, दूधवाल्यालासुद्धा सांगितली. "बायको नाही, क्रेन आणलीय!" त्याच्या चेहऱ्यावरची ऐट बघून ती आयुष्यात पहिल्यांदा अख्खा आठवडा ताठ चालली होती. ते सतरा इंच आता तिला जपायचे होते. म्हणजे, असं ती स्वतःला सांगत होती.

नवऱ्याच्या ऑफिसात समारंभ होता. सासूबाईंनी तिच्यासाठी गडद लाल कापड काढलं. "ये, उभी राहा. कोट शिवू."

थंड टेप एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सरकली. सासूबाईंनी मान तिरकी करून बघितलं. मग नेहमीच्याच आवाजात, "किती लिहू?"

वही तिच्याच हातात होती. "आहे तेवढंच, आई. सतरा."

"बघ हं."

"सतराच."

"मग लिही."

तिनं लिहिलं. साताचा शेवटचा फराटासुद्धा तिला नीट आठवत होता.

चार दिवसांनी ट्रायलच्या खोलीत तिनं कोट चढवला, आणि आरशातली बाई तिला आवडली. खांदे उतरते, नाजूक; कुठल्याही फोटोत पुढच्या रांगेत शोभतील असे. वही काखेत होती. तिनं आपलं पान उघडलं. खांदा: १५. खाडाखोड नाही. पान फाडलेलं, चिकटवलेलं नाही. सासूबाईंना असं अक्षर जमणं शक्य नव्हतं आणि नवऱ्याला तर आपलं स्वतःचंच अक्षर वाचता येत नसे. आकडा तिच्या हातचा होता. पाचावर पेन्सिल जरा जास्त दाबली गेली होती, मनापासून लिहिताना दाबली जाते तशी.

कोट आत्ताच काढायचा, हे तिला स्वच्छ कळत होतं. उसवायचा, आणि भूगोलाच्या बाईंचं घर शोधून काढायचं. तिनं वरच्या बटणावर बोट ठेवलं. मग वाटलं, एकदा फक्त मागून कसा दिसतो तेवढं बघावं. मग काढूच.

ती वळली. दुकानात कुणीतरी आलं होतं. पडदा सरकला, आणि सासूबाईंनी आत डोकावून खोलीभर नजर फिरवली, आरशावरून, खुंटीवरून, तिच्यावरून.

"या ना," त्या मागे वळून गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "रिकामीच आहे खोली."