धोंडबाची मात्रा

या माउली, असे जवळ सरकून बसा. गांधीबागेच्या कापडबाजारात कापड मोजणाऱ्या शालिकरामाची गोष्ट सांगतो.

भर कीर्तनात त्याचा टाळ थांबला.

“काहून थांबले गा, शालिकरामभाऊ? दुकान आठवलं काय?” महाराजांनी विचारलं. मंडळी हसली.

शालिकराम हसला नाही. मृदंगावर रुपराव हा नवा माणूस होता. पण शालिकरामला ऐकू येत होता आधीच्या मृदंगवाल्याचा, धोंडबाचाच हात. दर आवर्तनात शेवटची मात्रा येण्याआधी तो हात थांबायचा. जणू तिथवर पुरतच नव्हता.

धोंडबा गेला त्याला महिना होत आला होता. त्याच्या कफनाचं कापड शालिकरामनंच फाडलं होतं. वार जाऊन मीटर आला, तरी दुकानातल्या फळीवर वाराच्या पितळी खुणा तशाच होत्या. त्या दिवशी डोळे भरलेले, सवयीचा हात त्या खुणांवर गेला. मागितले मीटर, फाडले वार; दर मापाला चार बोटं कमी. तिरडीवर कापड पायांपर्यंत पोचलं नाही.

महाराज निरूपणाला वळले. “मात्रा म्हणजे काय, बाप्पा? ‘मा’ म्हणजे मोजणं. त्यातूनच माप, त्यातूनच मात्रा. अक्षर किती लांबवायचं, ठेका कुठवर न्यायचा, ते मात्रा सांगते. शालिकरामभाऊचा मीटर दूरदेशचा, पण जाणकार म्हणतात, त्याचंही कूळ हेच. म्हणून सांगतो, देताना माप कमी पडू नये.”

शालिकरामनं टाळ खाली ठेवले.

कीर्तन संपल्यावर तो धोंडबाच्या बायकोसमोर, सुभद्रेसमोर जाऊन उभा राहिला. “वहिनी, कापड माह्या हातानं कमी पडलं. धोंडबा उघड्या पायानं गेला. आता मी टाळ धरत नाही.”

ती उठून त्यानं खाली ठेवलेल्या टाळांपाशी गेली.

“पाह्यलं होतं मी,” ती म्हणाली. “पण पायावर पांघरूण त्यायनं कधी घेतलं गा, भाऊजी? थंडीतबी पाय बाहेर. झोपेत अंगठ्यानं ठेका धरत. मी झाकले का लाथेनं उडवून देत.” तिनं टाळ उचलून त्याच्या हातात दिले. “धरा.”

तेव्हापासून शालिकराम वाजवायचा, पण शेवटच्या मात्रेला टाळ नुसते उचलून धरायचा. मृदंगाशेजारी एक उघडा अंगठा हलताना त्याला दिसायचा. तेवढी मात्रा धोंडबाची.

तुम्ही कधी कीर्तनात टाळी वाजवाल, माउली, तेव्हा शेवटी क्षणभर थांबा. धोंडबाची आठवण ठेवा.