पाहुण्यांपुरती जाळी

हात जरा लांबच ठेवा. रागावू नका, माझा जन्मच एवढं एक वाक्य सांगण्यासाठी झालाय. मी प्रेसची जाळी. पत्र्यातून डब्यांची झाकणं कापणारं मशीन असतं ना, त्याच्या तोंडावर बसवतात ती, बोटभर जाडीच्या सळयांची, पिवळी, तीच मी बोलतेय. माझ्यातून पत्रा आत जातो, हात जात नाही. यापलीकडे मला काही येत नाही. पण तेवढंसुद्धा न येणारी माणसं मी मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेली पाहिली आहेत. म्हणून म्हटलं, आपणही चार शब्द बोलायला काय हरकत आहे?

वेल्डिंगच्या ठिणग्यांत माझा जन्म झाला. रंग दिला, बोल्टांसाठी भोकं पाडली, मशीनवर बसवली. मला वाटलं, लागले बाई मार्गाला. दुपारच्या जेवणाआधीच मला उतरवलं.

"हिच्यामुळे हात अडतो," मशीन चालवणारा कुरकुरला. "झाकणं कमी निघतात. मजुरी झाकणांवर मिळते, जाळीवर नाही."

फोरमन जवळच होते. सगळे त्यांना काका म्हणत. "काढून ठेव रे," काका म्हणाले. "आम्ही जन्मभर बिनजाळीचं काम केलं. काही झालं का आम्हाला?" आणि त्यांनी पंजा हवेत नाचवला. त्या पंजाला साडेतीन बोटं होती. हसलं कुणीच नाही. मोठ्यांचा अनुभव मोजायचा नसतो म्हणे. मोजायला गेलं की बोटं कमी भरतात.

तेव्हापासून मी कोपऱ्यात. माझ्यावर ओली फडकी वाळत पडायची, जेवणाचे डबे टांगले जायचे. तपासणीला कुणी येणार असलं की मात्र माझा थाट बघावा! पुसून, रंगाचा हात मारून मला मशीनवर चढवायचे, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडायचा अवकाश, की इकडे पाना घेऊन बोल्ट सैल. घराघरांत पाहुण्यांपुरत्या कपबश्या असतात ना कपाटात, तशी मी. फरक इतकाच, की कपबशी कपाटात राहिली म्हणून कुणाचा हात तुटत नाही.

मग तो आला. नवा सेफ्टी ऑफिसर. तिशीतला, अंगापेक्षा शर्ट मोठा, आणि मशीनपाशी आला की "सांभाळून, सांभाळून!" एवढंच बोलायचा. चार दिवसांत पोरांनी त्याचं बारसं करून टाकलं. "आला बघ सांभाळून! बोटं मोजून दाखव रे त्याला."

एकदा कोपरा रिकामा करताना मला चुकून भंगारात टाकत होते. त्याने मला उचललं आणि स्वतःच्या केबिनच्या भिंतीवर टांगलं. "निदान डोळ्यांसमोर तरी राहील," म्हणाला. भला माणूस. पण भल्या माणसांची ही एक खोडच असते. चुकीची गोष्ट दिसली की ती दुरुस्त करत नाहीत, नीट पुसून भिंतीवर लावतात.

भिंतीवरून मला त्याची नोकरी दिसायची. घोषवाक्यांची स्पर्धा घ्यायची. हेल्मेट घातलेल्या मालकांचा फोटो दर्शनी भिंतीवर लावायचा. 'सुरक्षा आपल्या हाती' अशी पाटी लिहून घ्यायची आणि ती नेमकी काकांच्या हाती द्यायची. एकदा धीर करून त्याने मालकांना माझ्याबद्दल विचारलं. मालक केबिनच्या दारातच उभे होते, त्यामुळे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं.

"अहो, तुम्हाला मी सेफ्टी दाखवायला ठेवलंय," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "करायला नाही."

ते गेल्यावर आमचा 'सांभाळून' टेबलावर डोकं टेकून बसला. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत दार लावून त्याने दुसरी नोकरी शोधायला सुरुवात केली.

त्याच्या वडिलांना हे कळलं. फोनमधून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "नोकरी म्हणजे सासर आहे का रे, जाच झाला की माहेरी पळायला? गप गुमान दिवस काढ. मी नाही काढले?"

"काढले बाबा." फोन ठेवून झाल्यावर तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आणि रिटायर झाल्यापासून घरात एका माणसाशी धड बोलत नाही तुम्ही." वडिलांना जे ऐकवायचं ते फोन ठेवल्यावर बोलायचं, ही या घरातली रीतच दिसते. सगळ्याच घरांतली असेल.

त्याची बायको मात्र फोनवर सरळ बोलायची. "झोपेत ओरडतोस तू, 'हात काढ, हात काढ' म्हणून. बघ ना दुसरीकडे. पण खरंच बघ हं. नुसती कारखान्याची पाटी बदलशील आणि काम तेच करशील, तर इथेच काय वाईट आहे?"

पहिली मुलाखत फोनवरच झाली. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे अपघात किती?"

"शून्य." जरा थांबून तो म्हणाला, "म्हणजे, कागदावर."

साहेब मोकळेपणी हसले. "मग आम्हाला तरी शून्य आणखी कुठे हवंय! कागदावरच हवंय. कधी रुजू होताय?"

पगार चांगला होता. "कळवतो," म्हणून याने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसला. कळवलं काही नाही.

दुसरी मुलाखत व्हिडिओवर होती. केबिन झाडली. टेबलावरचा पसारा खणात कोंबला. मला ओल्या फडक्याने पुसलं, आणि खुर्ची अशी मांडली, की त्याच्या डोक्यामागे मी बरोबर मधोमध दिसेन. छाप पडावी म्हणून! माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला नोकरीसाठी वशिला म्हणून वापरलं जात होतं.

पडद्यावर एक बाई आल्या. केस पिकलेले, आवाज कोरडा. त्या कारखान्याची सगळी सेफ्टी त्यांच्याकडे होती. याने आपली पाठ केलेली वाक्यं सुरू केली. "माझ्यासाठी कामगाराचा जीव सर्वात..."

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुमच्या मागे ते पिवळं काय आहे?"

"जाळी आहे, मॅडम. प्रेसची." छाती जरा पुढे आली.

"अस्सं." बाईंनी कान पुढे केला. भिंतीपलीकडून आवाज येत होता. धप्. धप्. धप्.

"हा कसला आवाज?"

"प्रेसचा."

"म्हणजे मशीन चालू आहे?"

"हो."

"आणि जाळी तुमच्या भिंतीवर?"

मी सांगते, त्या माणसाचा चेहरा असा उतरला, की मलाच भिंतीवरून उतरावंसं वाटलं. नमुना आहे म्हणता आलं असतं. जुनी आहे म्हणता आलं असतं. इतके दिवस याच कामाचा पगार घेतला होता त्याने, दोन थापा सहज सुचल्या असत्या. तो उठला, खिळ्यावरून मला काढलं, आणि फोन तसाच चालू ठेवून मला दोन्ही हातांत धरून बाहेर पडला. मला वाटलं, आता भंगारात. तो प्रेसपाशी गेला आणि त्याने लाल बटण दाबलं. धपधप थांबली.

"काय झालं?" मशीनवाला ओरडला. "पाहुणे आलेत का?"

"नाही," तो म्हणाला आणि त्याने वेल्डरला हाक मारली. "बोल्ट आवळ आणि वरून वेल्डिंगचे टाके मार. पुन्हा सुटता कामा नयेत."

वेल्डर चक्रावला. "मालकांची ऑर्डर आहे?"

"माझी आहे."

"तुमची?" वेल्डर बघतच राहिला. मग चष्मा डोळ्यांवर ओढला. "इतक्या दिवसांत तुमची ही पहिलीच ऑर्डर, साहेब. मोडवत नाही."

मी चांगली भाजले, पण हूं की चूं केलं नाही. शेवटचा टाका पडता पडता काका धावत आले, मागून मालक.

"आजचा माल अडलाय आणि तुम्ही जाळ्या कसल्या चिकटवताय?" मालक म्हणाले. "काढा ती! नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"आज कशाला राहू मग?" तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मशीनपेक्षा मोठा लागला. केबिनमधून फोन आणि पाण्याची बाटली घेऊन तो चालता झाला.

मालकांनी मला काढायचं फर्मान लगेच सोडलं. पण वेल्डर म्हणाला, टाके घासून काढायचे तर मशीन अर्धा दिवस बंद ठेवावं लागेल. अर्धा दिवस! मालकांनी मनातल्या मनात झाकणं मोजली. "पुढच्या आठवड्यात बघू," ते म्हणाले. प्रत्येक आठवड्यात ते हेच म्हणतात. कामगाराच्या हातासाठी मशीन थांबत नव्हतं, आता त्या हातापुढची जाळी काढायलाही थांबत नाही. मला न्यायाने नाही, कंजुषीने वाचवलं. असो. वाचले ना?

तो मात्र बरेच दिवस घरी बसून होता. वडिलांनी काय काय ऐकवलं असेल, याची मला कल्पना आहे. मग एकदा हिशोबाच्या राहिलेल्या सहीसाठी आला, तेव्हा माझ्यापाशी थांबला.

"लागली का कुठे?" मशीनवाल्याने विचारलं.

"लागली. त्या बाईंकडेच."

"फोन तर अर्धा टाकून पळाला होतात म्हणे."

"त्यांनी बंद नव्हता केला. भिंत रिकामी दिसत होती, आणि धपधप थांबलेली ऐकू येत होती. नंतर मला त्यांच्या कारखान्यात बोलावून घेतलं. बाकी काही विचारलंच नाही, मशीनं दाखवत फिरवलं."

"पगार?"

"इथल्यापेक्षा कमी."

"मग मिळवलंत काय?"

तो जरासा हसला. "झोप."

आता माझा रंग पोपडे धरून निघालाय. तेल, धूळ, हाताचे काळे ठसे. फोटो कुणी काढत नाही. मशीनवाला रोज मला शिव्या घालतो. काल पत्रा आत अडकला. सवयीने त्याचा हात तिकडे गेला आणि माझ्या सळईवर खाडकन आपटला. "मेली, मध्येच येते!" तो ओरडला. त्याच क्षणी आत प्रेस खाली आली. धप्.

त्याने एकेक करून बोटं मोजली. मग दोन्ही हातांत तोंड लपवून खाली बसला.

तुम्ही सेफ्टीची नोकरी शोधत असाल, तर एक ऐका. पगार नंतर विचारा. आधी म्हणा, मशीनं दाखवा. आणि मशीनवाल्यांनो, तुम्ही मला खुशाल शिव्या द्या. माझं पोट त्यानेच भरतं. शिवी द्यायला माणूस अख्खा उरलाय, एवढं मला त्यातून कळतं.