साहेबांचा एक शब्द

सुखदाला समोरच्याचं बोलणं अर्ध्यातच कळायचं. मिरजेला नर्सिंग शिकत असल्यापासूनची ही सवय. पेशंटने तोंड उघडलं की हिने पाण्याचा पेला पुढे केलेला. ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या ज्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ती आता नोकरीला होती, तिथे तिच्या या गुणाचं फार कौतुक व्हायचं. गुण आणि खोड यांच्यात अंतर ते किती, पण कौतुक करणाऱ्यांना हे सांगणार कोण?

तिचे सगळ्यात लाडके पेशंट म्हणजे स्टाव्हरोस साहेब, ग्रीसचे निवृत्त राजदूत. उमेदवारीत मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये होते, मग कैरो, अंकारा, ब्रुसेल्स. सात भाषा बोलायचे. मुंबईतली ‘चला’, ‘नको’ आणि ‘बस झालं’ एवढी मराठी त्यांनी जपून ठेवली होती आणि सुखदा औषध घेऊन आली की ती तिच्यावर उधळायचे. “नव्या देशात गेलं की मी आधी तिथलं ‘हो’ ओळखायला शिकायचो,” असं एकदा त्यांनी तिला सांगितलं होतं. “ते जमलं की निम्मी नोकरी झाली.”

उरलेली निम्मी नोकरी मात्र त्यांच्या घरावर शेकली. बायको न्यूझीलंडची. आजारपणात ती माहेरी, ऑकलंडला आली, तेव्हा साहेब ब्रुसेल्सला मासळीच्या करारावर वाटाघाटी करत बसले होते. दोन दिवसांत निघतो, दोन दिवसांत निघतो, असं म्हणत राहिले. करार झाला आणि बायको गेली. एकोणीस वर्षांच्या इलियासने आईला एकट्याने मूठमाती दिली आणि बापाशी बोलणं टाकलं. पुढे साहेबांनी वेलिंग्टनची नेमणूक मागून घेतली, निवृत्त झाल्यावर बायकोच्या कबरीजवळ म्हणून ऑकलंडला येऊन याच रेस्ट होममध्ये राहिले. राजदूताला असली प्रायश्चित्तं परवडतात, पण त्याने मुलगा काही परत येत नाही.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि सातही भाषा गेल्या. समोरच्याचं सगळं कळायचं, पण तोंडात एकच शब्द उरला.

“ने,” साहेब म्हणायचे. “ने, ने.”

सुखदाला काय आनंद झाला! घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, “रमण, इंग्लिश गेलं रे त्यांचं, पण मराठी राहिली! ‘ने’ म्हणतात. हे घेऊन जा, असं.”

“काहीतरीच,” रमण म्हणाला. “ग्रीक माणूस तो. मराठी कशाला बोलेल? तू पण ना, भलतंच इमॅजिन करतेस.”

“तू बघितलंयस का त्यांना? माझ्याकडे बघून म्हणतात.”

रेस्ट होममधल्या बाकीच्यांना तो शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘नेय’सारखा, म्हणजे नकारच वाटला. म्हणजे सगळ्यांचं एकमत. खाण्यापिण्याचं तिथे कुणी विचारत नसे, समोर आलं की खायचं, त्यामुळे त्या शब्दावर फारसं काही अडलंही नाही. अडलं ते फक्त फोनपाशी.

बापाचं कळल्यावर इलियासने ग्रीसमधून, थेस्सलोनिकीहून फोन केला. इतक्या वर्षांनी. कुणीतरी तो सरळ साहेबांच्या कानाला लावला आणि साहेब असे ओक्साबोक्शी रडायला लागले की मॅनेजर घाबरली. यापुढे आधी विचारायचं आणि हो म्हणाले तरच द्यायचा, असं तिने ठरवून टाकलं. इलियासलाही ते पटलं. त्यांची इच्छा नसेल तर जबरदस्ती नको, म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन यायचा. तो सुखदाच घ्यायची. नकार मुलाच्या कानावर थेट पडू नये म्हणून फोनवर तळहात दाबून धरायची आणि विचारायची, “काका, इलियासचा फोन आहे. देऊ?”

“ने!” साहेब डावा हात पुढे करत म्हणायचे. “ने, ने, ने!”

आणि सुखदा फोन घेऊन जायची. पॅसेजमध्ये जाऊन हळू आवाजात सांगायची, “सॉरी, ते म्हणतात घेऊन जा.” मागे साहेब आरडाओरडा करायचे. किती राग आहे मुलावर, असं तिला वाटायचं आणि वाईटही वाटायचं. तिच्या हाताला धरून कुणीतरी तिला तेव्हाच थांबवायला हवं होतं.

एका रविवारी इलियास म्हणाला, “मी पुढच्या रविवारी शेवटचा फोन करीन. त्यांना नकोच असेल तर मी तरी किती दिवस दार वाजवू?”

त्याच आठवड्यात वेलिंग्टनहून एलेनीबाई आल्या. वकिलातीतल्या साहेबांच्या जुन्या सेक्रेटरी. त्या ग्रीकमध्ये काहीबाही आठवणी काढत होत्या आणि साहेब हसून म्हणत होते, “ने! ने!”

“तुमच्याबरोबर न्या म्हणतायत,” सुखदा कौतुकाने म्हणाली.

“कुठे न्या?” एलेनीबाईंना कळेना. “हो म्हणतायत ते. आमच्यात ‘ने’ म्हणजे हो. नाही म्हणायचं तर ‘ओही’.”

सुखदा टॉवेल बदलायच्या निमित्ताने बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. सगळे रविवार तिला आठवले. तो पुढे केलेला हात आठवला. त्या क्षणी तिला इलियासला फोन करून सांगून टाकायचं होतं. पण सांगायचं काय? आणि मॅनेजरला कळलं तर? नोकरी, घराचा हप्ता, सगळं डोळ्यांपुढे आलं. येत्या रविवारी त्याचा फोन येणारच आहे, साहेब ‘ने’ म्हणतील, आपण गुपचूप फोन देऊ, कुणाला काही कळायचं नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

रविवारी फोन आला. सुखदाने सवयीने तळहात दाबला आणि विचारलं, “काका, इलियास आहे. देऊ?”

साहेब तिच्याकडे एकटक बघत राहिले. मग त्यांचा जबडा हलायला लागला, मानेच्या शिरा ताणल्या. घाम फुटेपर्यंत त्यांनी जोर लावला आणि शब्द बाहेर काढला.

“ओही.”

आता चूक व्हायला वावच नव्हता. सुखदाने तळहात काढून फोनवर सांगितलं, “नाही म्हणाले. मी नीट ऐकलं. तुमच्याच भाषेत म्हणाले, ओही.”

“बरं,” इलियास म्हणाला. “थँक्यू.” आणि फोन बंद झाला.

ती वळली. साहेबांचा डावा हात पुढेच होता, तळवा वर करून. चेहऱ्यावर हसू होतं, परीक्षेत पास झालेल्या मुलासारखं. “ओही,” त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. “ओही, ओही!”

मग तिला कळलं. ‘हो’ म्हटलं की इथे फोन काढून नेतात, हे त्या माणसाने ओळखलं होतं. इथला रिवाजच उलटा असेल, असं समजून तो उलटा शब्द त्याने आठवडेच्या आठवडे मनात घोटला होता. त्यांची भाषा ती शिकून आली होती आणि तिची ते.

तिने लगेच नंबर फिरवला. एकदा, दोनदा. इलियास उचलेना. तिसऱ्यांदा रिंग वाजत असताना साहेबांनी फोन तिच्या हातातून ओढून घेतला आणि कानाला लावला. रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला. इलियास ग्रीकमध्ये सांगत होता की आत्ता बोलू शकत नाही, निरोप ठेवा. बाकीचं साहेबांना ऐकूच आलं नसावं. मुलाचा आवाज ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

बीप वाजली.

आता पोटचा मुलगा होता समोर, आता उलटं बोलायचं कारण नव्हतं. साहेबांनी तोंड उघडलं. ओठ ‘ने’साठी फाकले, हे सुखदाने स्वतः पाहिलं. पण इतक्या कष्टाने वर काढलेला तो दुसरा शब्द आता जिभेवरून हलेना.

“ओही,” साहेब म्हणाले आणि दचकले. पुन्हा जोर लावला. “ओही. ओही...”

निरोप रेकॉर्ड होत होता. सुखदाने घाईने हात पुढे केला. तो हात बघून साहेबांनी फोन छातीशी घट्ट धरला आणि तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की तिची बोटं तिथेच थिजली. तो फोन त्यांच्याकडून काढून घेणं तिला जमलं नाही. छातीशी धरलेल्या फोनमध्ये ते रडत रडत मुलाला नाही, नाही म्हणत राहिले.